बोलावलेल्यांची पंगत

प्रॉम्प्टरला नट समोरून कधी दिसत नाही. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि नटाचा एक कान, एक गाल आणि घामाने भिजलेली पाठ बघत अडीच तास काढायचे. पनवेलच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मी सव्वीस वर्षं हे काम केलं. दिवसा विम्याच्या कचेरीत क्लार्क, संध्याकाळी प्रॉम्प्टर. स्टेजवर एकदाही गेले नाही आणि जायची हौसही नव्हती. माझा आवाज नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये, एवढंच माझं कसब. त्यामुळे धनेश मोकलबद्दल कुणी विचारलं की मी आधीच सांगून ठेवते, तुम्ही त्याला टीव्हीवर समोरून पाहिलंय, मी बाजूने पाहिलंय. माझं ऐकायचं तर तेवढं लक्षात ठेवून ऐका.

तो आमच्याकडे आला दोन हजार तीन साली. उदयसिंह सर आमचे दिग्दर्शक. मूळचे साताऱ्याकडचे, पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि स्वतःला फार कडक समजायचे. राज्य स्पर्धेच्या नाटकात त्यांना एक हवालदार हवा होता, तीन वाक्यांचा. धनेश तेव्हा तेवीस वर्षांचा. जासईजवळच्या छोट्या गावातला मुलगा, तिथल्याच एका कंटेनर यार्डात कामाला. आलेल्या कंटेनरभोवती फिरायचं, कुठे पोचा आहे, कुठे गंज आहे ते बघायचं आणि फॉर्मवर लिहायचं, हे त्याचं काम. तालमीला यार्डातले जाड बूट घालूनच यायचा. पहिल्या दिवशी त्याने तिन्ही वाक्यं म्हटली आणि सर म्हणाले, "तुझ्या बोलण्यात गाव फार येतं. हाय-नाय चालणार नाही. हा हवालदार शहरातला आहे."

"सर, शहरातला हवालदार पण कुठल्या तरी गावचाच असतो ना," धनेश म्हणाला.

सर चिडले. मी वहीत तोंड खुपसून हसले.

स्पर्धेच्या दिवशी त्याचं दुसरं वाक्य गेलं. मी विंगेतून दिलं. आता शहाणा नट ते निमूट उचलतो. हा माझ्याकडे वळला, खिशातून छोटी वही काढली आणि भर स्टेजवर विंगेला म्हणाला, "बाई, तक्रार जरा मोठ्याने सांगा. नाव काय तुमचं?" थिएटर कोसळलं. सव्वीस वर्षांत प्रेक्षकांना माझा पत्ता लागला तो त्या एकाच दिवशी. मी इतकी संतापले की मध्यंतरात त्याला चहासुद्धा दिला नाही. तर म्हणाला, "शोभाताई, मधे रिकामं झालं की मला भीती वाटते. हाताला लागेल ते मी घेतो." त्या वेळी मला ते गमतीचं वाटलं. पुढे याच सवयीने त्याचं घर मोडायला आणलं.

एक गोष्ट मात्र सरांनीही त्या दिवशी मान्य केली. लोक हसायला लागले की नवा नट एक तर हशावर बोलून पुढचं वाक्य वाया घालवतो, नाही तर हशा पार विझेपर्यंत खांबासारखा उभा राहतो. हशा उतरायला लागला, पण अजून संपला नाही, तिथे पुढचं वाक्य उचलायचं असतं. सर हे शिकवून शिकवून थकत. धनेशला ते पहिल्याच प्रयोगात येत होतं. "कुठे शिकलास?" सरांनी विचारलं. "माहीत नाही सर," तो म्हणाला, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं.

पुढची आठ वर्षं तो आमच्याकडे होता. नोकर, रिक्षावाला, घरजावई, एकदा तर प्रेत. प्रेताच्या भूमिकेत त्याला तीन टाळ्या पडल्या, त्या कशा ते सांगत बसले तर हा लेख इथेच संपेल. मग त्याने यार्ड सोडलं, व्यावसायिक नाटकांच्या बसमधून गावोगाव फिरला, आणि दोन हजार सोळाच्या सुमारास एका वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्याची वर्णी लागली. तिथे सुरुवातीला त्याला एकच भूमिका मिळे. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, जमीन विकून गाडी घेतलेला आगरी शेठ. तो कार्यक्रम लिहिणारा सत्यजीत त्याच्याहून लहान, हुशार, पण पनवेल त्याने पुण्याला जाताना गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं. धनेश त्याला म्हणायचा, "आमच्या घरात साखळी एकच होती. ती म्हशीची. आता म्हैस पण नाही."

मग एक दिवस त्यानेच सत्यजीतला सांगितलं, "मी धवलारीण करतो."

आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नातली विधींची गाणी. पण तिला नुसती गाणारी बाई म्हणून चालायचं नाही. मांडवात ती म्हणेल तेव्हा तांदूळ पडतात, ती थांबेल तेव्हा सगळे थांबतात. धनेशची आई, गोदूमावशी, त्या गावची धवलारीण. त्यांच्या गावाची आणखी एक रीत. मांडवाच्या दिवशी सकाळी गोदूमावशी आधी देवांना हाक मारायची आणि मग गावातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना, एकेकाचं नाव घेऊन, मांडवाला या म्हणून. ज्यांना हाक गेली त्यांची पानं आधी मांडली जायची. ती वाढून झाल्याशिवाय नवरीलासुद्धा घास मिळत नसे.

हे मी धनेशच्या लग्नात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रंजिताशी त्याचं लग्न झालं तेव्हा आमची अख्खी संस्था टेम्पो करून गेली होती. स्वतःच्या घरच्या मांडवात गोदूमावशीची एक पंचाईत व्हायची. त्या पिढीतल्या बायकांसारखी तीही नवऱ्याचं नाव घेत नसे. तुळशीराम मोकल धनेश आठ वर्षांचा असताना गेले. यादीत त्यांची जागा शेवटची. तिथवर आली की ती गाता गाता थांबायची. तेवढ्यात बाजूला उभा असलेला तिचा थोरला दीर ते नाव घ्यायचा आणि ती पुढची ओळ उचलायची. मी मनात म्हटलं, अरे, इथेही प्रॉम्प्टर आहे. मला त्या म्हाताऱ्याबद्दल फार जिव्हाळा वाटला.

तर धवलारीण करायची म्हटल्यावर धनेशने आईकडेच लुगडं मागितलं. मावशी खूश. स्वतःचं हिरवं लुगडं दिलं, आगरी पद्धतीने कसं नेसायचं ते दोन दिवस शिकवलं, कंबरेवर हात कसा ठेवायचा तेही दाखवलं. "माझ्यासारखी चाल नाय जमली तं पैसे परत," म्हणाली. म्हणजे नक्कल केली म्हणून ती रागावली, असं जे पुढे पेपरात आलं ते साफ खोटं. तिला नकलेचा राग नव्हता.

प्रहसन असं होतं. पनवेलच्या एका नव्या टॉवरमध्ये लग्न, मांडव बाराव्या मजल्यावर, आणि धवलारीण देवांना लिफ्टने वर बोलावते. छानच चाललं होतं. चित्रीकरणात मधे दुसऱ्या नटाला यायला उशीर झाला, त्याचं धोतर सुटलं होतं म्हणे. स्टेजवर धनेश एकटा. समोर तीनशे माणसं. रिकामं झालं. आणि त्याने हाताला लागलं ते घेतलं. लहानपणापासून आईच्या मांडीवर ऐकलेली यादी त्याच चालीत त्याच्या तोंडून सुरू झाली. महादेव भगत, या. कृष्णकांत म्हात्रे, या. खरी नावं, खऱ्या घरांतली, गेलेली माणसं. प्रत्येक नावाला एकेक विनोद जोडलेला. महादेव भगतांचं वजन जास्त म्हणून लिफ्ट वर चढेना, कृष्णकांत चुकीच्या मजल्यावर उतरले आणि दुसऱ्याच लग्नात जेवायला बसले. अकरा नावं झाली. अकरावं तुळशीराम मोकल. ते लिफ्टमध्ये अडकले आणि दुसरा नट आत आला. परीक्षक हसून रडत होते. त्या तीन मिनिटांवर धनेश मोकल महाराष्ट्राला माहीत झाला.

गावाने देवळासमोर पडदा लावून तो भाग एकत्र बघितला. दुसऱ्या दिवशी धनेश पेढे घेऊन घरी गेला आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. पेढ्यांचा डबा तसाच हातात. आईशी झालेलं बोलणं त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. नटाची स्मरणशक्ती कधी कधी नटालाच शिक्षा असते.

"आये, बघितलास काय?"

"बघितला."

"हासलीस काय?"

"हासली. देव लिफ्टमंदी बसले तवापरयंत हासली." मग ती सुपातले तांदूळ पाखडायला लागली आणि म्हणाली, "तू अकरा जनांना हाक मारलीस. ते आले आसतील. मांडव नाय, पान नाय. उपाशी गेले."

"आये, ता नाटक हाय."

"नाटक तुजा. हाक माजी होती."

ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने धवले बंद केले. लोक बोलवायला येत, त्यांच्याच घरातली नावं धनेशने टीव्हीवर घेतलेली असूनही येत. ती म्हणायची, "एकदा माज्या हाकेनं उपाशी गेले ते. आता मी हाक मारली आन् ते नाय आले तं? कोनाच्या भरवशावर पोरीचा लगीन लावू?" मग बाहेरगावच्या धवलारणी यायला लागल्या. त्यांचे गळे चांगले होते, पण त्यांना या गावची नावं माहीत नव्हती. पुढे पुढे लोकांनी त्यावरही पाणी सोडलं आणि सकाळीसुद्धा डीजे लावायला लागले. धनेशचा थोरला भाऊ निकेश, ट्रेलरच्या धंद्यातला, बोलायला आधीच कमी. तो भावाशी हो-नाहीपुरता उरला.

धनेशने काय केलं? माफीचा व्हिडिओ केला. पांढरा सदरा घालून, मागे तुळशीचं रोप ठेवून. चार लाख लोकांनी पाहिला. मी त्याला फोन करून इतकी बोलले की शेजारच्या बाई दार वाजवून काय झालं विचारायला आल्या. "आईची माफी मागायला तुला कॅमेरा लागतो? ती फोन वापरत नाही, तुला माहीत नाही?" तो म्हणाला, "शोभाताई, तिच्यासमोर उभा राहिलो की मला एक वाक्य सुचत नाही."

एक मात्र त्याच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. त्याने ते लुगडं पुन्हा नेसलं नाही. स्वच्छ धुऊन, घडी घालून आईला परत दिलं. वाहिनीला धवलारीण हवी होती, लग्नाच्या हळदीत लोकांना हवी होती, सत्यजीत तर दर महिन्याला मागायचा. धनेश नाही म्हणायचा. वर्षभर त्याला कामं कमी झाली. मग त्याने स्वतःच एक नवं पात्र उभं केलं, पोचे बघणारा साहेब. जाड बूट, हातात फॉर्म, आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींभोवती गोल फिरून सासूला कुठे पोचा आहे, जावयाला कुठे गंज आहे ते तो नोंदवून घेतो. यार्डातली आठ वर्षं अशी कामी आली. हा साहेब धवलारणीहून जास्त चालला. त्यावर नाटक निघालं, पनवेलला नाट्यगृहात लागलं तेव्हा मी तिकीट काढून आठव्या रांगेत बसले. स्टेजवर धनेशला मी पहिल्यांदा समोरून बघत होते. मला तो जरा अनोळखीच वाटला. आईला त्याने पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. ती रिकामी होती.

सहा वर्षं अशी गेली. मग निकेशच्या मुलीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. मनस्वी पनवेलला एका लॅबमध्ये कामाला, दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यामुळे कुणाला घाबरत नाही. तिने घरात जाहीर केलं, "आजी धवले म्हणणार असेल तर मांडव घाला. नाहीतर मी रजिस्टर करते. दोन सह्या आणि वडापाव." निकेश हादरला. घरातली पहिली मुलगी, आणि मांडवाविना जाणार? त्याने आईला विनवलं. ती नाही म्हणाली. शेवटी सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने धाकट्या भावाला फोन केला आणि एकच वाक्य बोलला, "तू केलास, तूच निस्तर."

धनेश पुन्हा माझ्या गॅलरीत येऊन बसला. लग्नाला दोन महिने होते. "मी आईला विचारलं, काय केलं म्हणजे तू गाशील. तर म्हणते, मना काय इचारतंस, ज्यांना बोलावलास त्यांना इचार. म्हणजे विषयच संपला."

"संपला कसा?" मी म्हटलं. "तिने सांगितलंय ते कर की."

"मेलेल्या माणसांना काय विचारू, शोभाताई?"

"उपाशी गेले म्हणते ना? मग काय जेवाल ते विचार. त्यांची घरं आहेत, माणसं आहेत. सहा वर्षांत एका तरी घरी गेलास?"

नव्हता गेला. त्या नावांमागची माणसं कशी होती, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याच्यासाठी ते चालीतले अकरा ठोके होते. मी वही काढली, आतून चप्पल आणली आणि म्हटलं, चल. आठ वर्षं मी याला आयती वाक्यं पुरवली, पण ही वही त्यालाच भरायची होती. मी फक्त लिहून घेणार होते.

पहिलं घर महादेव भगतांचं. वडील मिठागरात राबले, मुलगा आता बिल्डर, घराला तीन मजले आणि समोर चकचकीत फरशी. मुलाने आम्हाला बसवलं, सरबत दिलं आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. फोटोत एक काटकुळा माणूस, बरगड्या मोजाव्यात असा. "माझा बाप असा होता," तो म्हणाला. "तू त्याला जाडा केलास. माझ्या नातीला वाटतं, पणजोबा लिफ्टमध्ये मावत नव्हते." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते ऐकवेना. धनेशने हात जोडले. काही सुचलं नसावं, आणि या वेळी त्याने हाताला लागेल ते घेतलं नाही. तसाच रिकामा उभा राहिला. मग म्हणाला, "त्यांना जेवायला काय आवडायचं?"

"निवट्या," मुलगा म्हणाला. खाडीच्या चिखलातली ती बारकी मासळी. "पण आता चिखल कुठे राहिलाय? सगळीकडे तुमचे कंटेनर." आणि थोडा थांबून तोच म्हणाला, "उरणच्या बाजारात बघतो मी. तू नको आणूस, तुला कळायचं नाही."

असं एकेक घर. विठू नावाच्या एका म्हाताऱ्याला पळस्प्याच्या नाक्यावरचा चहा आणि पावच लागायचा, त्यासाठी तो मिळेल त्या ट्रकला हात करून जायचा. एकाला वालाचं बिरडं, एकाला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. कृष्णकांत म्हात्रेंच्या बायकोने, आशालताकाकूंनी, आम्हाला दारातच थांबवलं. "त्याला काय आवडायचा? भांडान. जेवताना भांडल्याबगर त्याला घास गेला नाय. तेवढा वाढ त्याला."

मी तेही लिहून घेतलं.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मोकलांच्या अंगणात अकरा केळीची पानं मांडली. दहा घरची माणसं आली. रंजिताने आणि गावातल्या बायकांनी रांधलं. हाक मारायचा अधिकार धनेशचा नव्हता, ते त्याला कळत होतं. तो प्रत्येक पानासमोर जाऊन बसला, पाणी फिरवलं आणि हळूच म्हणाला, "काका, मी धनेश. चुकलो. जेवा." विठूच्या पानावर पळस्प्याहून आणलेला चहा थर्मासमधून कपात ओतला, पाव बुडवून ठेवला. कृष्णकांतांच्या पानाशी आल्यावर तो वही बघून थांबला, मग शेजारी बसलेल्या आशालताकाकूंकडे वळून म्हणाला, "भातात मीठ नाय."

काकूंनी मान वर केली. "चाळीस वरसं खाल्लास तवा नाय कळलं?"

"चाळीस वरसं सांगतंय, तुमी ऐकता कवा?"

मग जे जुंपलं ते दहा मिनिटं चाललं. काकू हात नाचवून भांडत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि अंगणात हसून हसून लोकांनी खांब धरले होते. निकेशसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. मला टीव्हीवरची ती तीन मिनिटं आठवली. तीच माणसं, तेच नाव, हसवणाराही तोच. पण या वेळी कृष्णकांत म्हात्रे जेवून गेले असतील, असं माझ्यासारख्या विम्यावाल्या बाईलाही वाटलं.

अकरावं पान मात्र कोरं होतं. तुळशीरामांचं. धनेशला बापाची आवड आठवत नव्हती, निकेशलाही नक्की सांगता येईना. गोदूमावशी सकाळपासून मागच्या खोलीत बसून होती, बाहेर आलीच नव्हती. धनेश त्या दारात जाऊन उभा राहिला. मी अंगणाच्या कडेला होते, मला पुन्हा त्याचा एक कान आणि एक गाल तेवढा दिसत होता.

"आये, बाबांना काय आवडायचा?"

आतून ती म्हणाली, "आता इचारतंस."

"आता इचारतंय."

"खरवड. टोपाच्या बुडाचा करपलेला भात. दुसऱ्यानं केलेली त्याला चालं नाय." आणि ती उठली. चुलीवर स्वतः टोप ठेवला, तांदूळ घातले. भात शिजला तरी उतरवला नाही. गावातली साठ माणसं एक भात करपायची वाट बघत बसली होती. वास आला तेव्हा तिने उलथन्याने ती खरवड सोडवली, बाहेर आणली, नवऱ्याच्या पानावर ठेवली आणि पुन्हा आत गेली. गाणार की नाही, यावर एक शब्द नाही. विचारायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती.

फेब्रुवारीत मांडवाचा दिवस उजाडला. मनस्वीने आजीला पुन्हा विचारलं नव्हतं. मांडव मात्र घालायला लावला होता. डीजेवाला सकाळीच येऊन बसला, आणि तिने त्याला वायर काढून ठेवायला सांगितलं. नऊ वाजून गेले. लोक एकमेकांकडे बघत होते. निकेश तिसऱ्यांदा घड्याळ बघून झाल्यावर गोदूमावशी आतून आली. अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. कुणाकडे न बघता ती मांडवाच्या मधोमध बसली आणि तिने धवला उचलला.

सहा वर्षं न वापरलेला गळा. सुरुवातीला तो फाटला, मग लागला. देवांना हाका गेल्या. मग महादेव भगत, या. त्यांचा बिल्डर मुलगा मान खाली घालून उभा होता. विठू आले. कृष्णकांत आले, आशालताकाकूंनी पदर सावरला. मी मांडवाच्या कडेला खांबाशी होते, माझ्या सवयीच्या जागी, आणि बोटांवर मोजत होते. दहा झाली. मावशी थांबली.

थोरला दीर चार वर्षांपूर्वीच गेला होता. ती जागा आता कुणाची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. रीतीने निकेशची. त्याने घसा साफ केला, पुढे झाला. गोदूमावशीने मान न वळवता एक हात वर केला आणि त्याला थांबवलं.

आता सगळ्यांना कळलं ती कुणासाठी थांबली आहे. धनेश नुसता उभा. वीस वर्षं टाळ्या घेणारा माणूस. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. चुकलेल्या नटाला वाक्य द्यायचं, हे माझ्या हाडात आहे. ते वाक्य मी गिळलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी केलेलं सर्वांत अवघड काम तेच.

"तुळशीराम मोकल," धनेश म्हणाला. आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नसता. "बाबा. या."

मावशीने ओळ उचलली. त्याच चालीत, डोळे मिटून, गंभीर चेहऱ्याने तिने नवऱ्याला मांडवाची वाट सांगितली, अंगणातून या, तुळशीपासून या. आणि मग कुठल्याही धवल्यात नसलेली ओळ तितक्याच गंभीरपणे गायली, "जिन्यानं या, लिफ्टनं येव नका."

आधी मनस्वी फुटली, मग निकेश, मग सगळे. म्हातारे काठ्या आपटून हसत होते. धनेश तोंडावर उपरणं धरून हसत होता की रडत होता, ते बाजूने मला दिसत होतं आणि मी सांगणार नाही. मावशीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने हशा चढू दिला, तो उतरायला लागला, आणि पार संपायच्या जरा आधी तिने पुढची ओळ उचलली. उदयसिंह सरांनी धनेशला विचारलं होतं, कुठे शिकलास. बावीस वर्षांनी मला उत्तर मिळालं.

धवला संपला. तिने लेकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघत काय रायलास? पाना मांड. आले ते."